नोंदवही, हैमा

मी चंद्रपूरचा. सत्तेचाळीस डिग्री मला कुणी सांगू नये,
असं पहिल्याच दिवशी मुसल्लमला म्हणालो.
त्याने गाडी थांबवली, दार उघडलं,
आणि दुपारी दीडला मला सपाट पांढऱ्या खडीवर उतरवलं.
चंद्रपूरला ऊन वरून येतं.
इथे ते खालून येतं, बाजूने येतं,
दाराच्या कडीतून, बाटलीच्या बुचातून येतं.
मी गुमान परत आत बसलो.
तो हसलासुद्धा नाही.

कुंपणाच्या आत चौसष्ट पांढरी जनावरं.
कागदावर ओरिक्स. मुसल्लम म्हणतो ‘महा’,
आणि मला दरवेळी पुढचा शब्द राहून गेल्यासारखा वाटतो.
महा काय?
महा काही नाही.
बाभळीच्या हातभर सावलीत
खुरांनी वरची तापलेली माती उकरून
खालच्या गार मातीला पोट लावून बसलेली.
धापा टाकत नाहीत, धापेबरोबर पाणी जातं.
ताप चढू देतात. चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस.
माणूस असता तर आपण कपाळावर घड्या ठेवत बसलो असतो.
रात्री वारा सुटला की
दिवसभराची उधारी आभाळाला चुकती करतात.
सकाळी खातं कोरं.

माझं काम ताप लिहिण्याचं,
लेंड्या वाळवून तोलण्याचं.
आई गेल्याचा फोन आला तेव्हा तेच करत होतो.
तिकीट तीन दिवसांनंतरचं मिळालं.
अकरा नमुने उरले होते, ते संपवले.

सांडा मात्र ओळखीचा निघाला.
बल्लारशाच्या बाजारात एक जण
चादरीवर जिवंत सांडे उताणे टाकून तेल विकायचा,
कंबरेवर, गुडघ्यावर,
आणि आवाज खाली आणून आणखी कशाकशावर.
मला वाटायचं, एवढाच त्याचा जन्म.
इथला सकाळी काळपट असतो, ऊन गोळा करायला,
दुपारी पिवळा पडतो, ते परत पाठवायला.
पाणी पीत नाही. पाल्यातून मिळेल तेवढं घेतो
आणि नको असलेलं मीठ नाकावाटे टाकतो,
नाकपुड्यांवर पांढरी पापडी.
सुट्टीत बहिणीने माझे शर्ट भिजत घातले, म्हणाली,
पाठीवर हे कसले नकाशे रे?
मीठ आहे, म्हटलं. निघतं.

ऑगस्टमध्ये एक रीम आणली,
लहान चणीचं, वाळूच्या रंगाचं हरीण.
मी उघडली. हृदय तोललं.
काटा बिघडला म्हणून पुसून पुन्हा तोललं.
डॉक्टर फिरदौस चष्मा वर करून म्हणाल्या, बरोबर आहे.
दुष्काळ लांबला की ही यकृत लहान करते,
हृदय लहान करते,
मग श्वास कमी लागतो,
श्वासाबरोबर जाणारं पाणी वाचतं.
मग मेली कशाने?
टँकरखाली आली. पाण्याच्याच.
मी वजन लिहिलं.
शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवून बराच वेळ बसलो,
शाईचा एक ठिपका पडला, तो तसाच आहे.

सप्टेंबर सरता सरता पहाटे धुकं येतं.
समुद्र गाडीने तीन तास लांब,
तरी येतं, न विचारता, कुंपणातून आरपार.
महा एकमेकांच्या पाठी चाटतात,
चौसष्ट जिभांचा आवाज,
बाकी काही नाही.
मुसल्लम म्हणाला, आजोबा झाडावर घोंगडी टाकायचे
आणि उजाडायच्या आत पिळायचे.
तोफज्जलने लगेच स्वतःची चादर आणली,
फुलाफुलांची, चितगावहून आणलेली.
आम्ही तिघांनी ती बाभळीवर नीट पसरली,
काट्यांनी दोन ठिकाणी फाटली.
सकाळी पिळून अर्धा पेला निघालं.
साबणाचा वास येतो, तोफज्जल म्हणाला.
येत होता.
एकेक घोट घेतला.